पेलेट आणि व्हिटॅमिन सी: दोन गिनी पिगांचा आहार बदलतानाच्या नोंदी

३ मार्च, रविवार

भुरी तीन वर्षांची आहे आणि पिंगी चार महिन्यांची. ज्यांच्याकडून दोघी आल्या त्यांनी सोबत रोजचं खाणंही दिलं: रंगीबेरंगी मिश्रणाची अर्धी पिशवी आणि पाण्यात टाकायच्या व्हिटॅमिनच्या थेंबांची बाटली. वाळलेलं गवत म्हणून एक छोटी जुडी मिळाली. ती पिवळी पडलेली होती आणि तिला वास उरला नव्हता.

मला दोनच प्रश्न सोडवायचे आहेत: पेलेट, म्हणजे दाबून केलेल्या सुक्या खाद्याच्या गोळ्या, कोणते द्यायचे, आणि व्हिटॅमिन सी कुठून द्यायचं. गिनी पिगचं शरीर माणसासारखंच व्हिटॅमिन सी स्वतः तयार करू शकत नाही, त्यामुळे ते रोज बाहेरून जायलाच हवं. निरोगी मोठ्या गिनी पिगला किलोमागे दिवसाला १० ते ३० मिग्रॅ लागतं. वाढत्या वयात, आजारपणात आणि गाभण असताना त्याहून जास्त.

आज स्वयंपाकघरातल्या काट्यावर खोल भांडं ठेवून दोघींचं वजन केलं. भुरी ९८० ग्रॅम, पिंगी ५४०. यापुढे दर रविवारी सकाळी, भाजी द्यायच्या आधी वजन करायचं. गिनी पिग दुखणं लपवतो, आणि दिसेपर्यंत बराच उशीर झालेला असतो. काटा त्याच्या आधी सांगतो.

४ मार्च

काल रात्री वाटीत घातलेलं मिश्रण सकाळी कागदावर ओतून वेगळं केलं. लाल आणि पिवळ्या कुरकुरीत चकत्या पूर्ण संपल्या होत्या. सूर्यफुलाच्या बियांची फक्त सालं उरली होती, मक्याचे चपटे तुकडे अर्धवट कुरतडलेले होते. हिरवट-तपकिरी पेलेट जवळपास जसेच्या तसे शिल्लक होते, आणि व्हिटॅमिन घातलेलं असतं ते त्यांच्यातच. पिशवीवर ‘संपूर्ण आहार’ असं छापलेलं आहे. ते खरं ठरायचं तर पिशवीतलं सगळं पोटात जायला हवं. निवडून खायला मिळालं की गिनी पिग गोड आणि तेलकट तेवढंच निवडतो.

१९०७ साली नॉर्वेत आक्सेल होल्स्ट आणि थेओडोर फ्रोलिख यांनी गिनी पिगांना नुसतं धान्य आणि पाव खायला घातलं, तेव्हा त्यांना स्कर्व्ही, म्हणजे व्हिटॅमिन सी कमी पडल्याने होणारा आजार, झाला. स्कर्व्हीचा अभ्यास प्राण्यांवर करता येतो हे तिथून कळलं. ते वाचलेलं कागदावरची सालं बघताना आठवलं, कारण भुरीच्या पोटात रोज जात होतं तेही बियाणं आणि धान्यच.

मिश्रण एकदम बंद करायचं नाही. गिनी पिग लहानपणी जे खातो त्यालाच अन्न समजतो, आणि नवं दिसलं की उपाशी राहायचीही त्याची तयारी असते. त्याचं पोट मात्र सतत चालू राहावं लागतं. बारा तास काहीच खाल्लं नाही तर थेट डॉक्टरकडे न्यायचं.

गवत मात्र आजच बदललं. टिमोथी नावाच्या गवताचा हिरवा, सुगंधी, लांब काड्यांचा गठ्ठा आणला आणि दोन कोपऱ्यांत भरपूर ठेवला. खाण्याचा मोठा भाग, ऐंशी टक्क्यांच्या आसपास, गवताचाच असावा लागतो. दात जन्मभर वाढत राहतात आणि ते झिजतात गवत चावूनच. पेलेट कितीही उत्तम असले तरी हे काम ते करत नाहीत.

९ मार्च

आजचा दिवस लेबलं वाचण्यात गेला. उपलब्ध पेलेटच्या पिशव्यांचे फोटो काढून आणले आणि बसून वाचले. ज्यांना हेच करायचं आहे त्यांच्यासाठी माझी चाळणी लिहिते.

घटकांच्या यादीत पहिलं नाव गवताचं हवं. यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. पहिलं नाव मका किंवा गव्हाचा कोंडा असेल तर पुढे काहीही लिहिलेलं असो, पिशवी खाली ठेवायची. अल्फाल्फा, म्हणजे आपला लसूणघास, पहिला असेल तर ते खाद्य सहा महिन्यांच्या आतल्या पिल्लांसाठी आणि गाभण किंवा दूध पाजणाऱ्या माद्यांसाठी. त्यात प्रथिनं आणि कॅल्शियम टिमोथीपेक्षा कितीतरी जास्त असतं. मोठ्या गिनी पिगला ते रोज दिलं तर मूत्राशयात खडे होण्याचा धोका वाढतो.

बिया, दाणे, सुका मेवा, मध, गूळ, रंग यांपैकी काहीही नको. सगळे पेलेट एकाच रंगाचे, एकाच आकाराचे हवेत, म्हणजे निवडायला काही उरतच नाही. फायबर निदान १८ ते २० टक्के हवं, त्याहून जास्त असेल तर उत्तम.

व्हिटॅमिन सीचा आकडा वेगळा लिहिलेला हवा, आणि ते टिकाऊ स्वरूपात आहे असं नमूद हवं. साधं व्हिटॅमिन सी, म्हणजे अॅस्कॉर्बिक अॅसिड, उजेड, हवा, उष्णता आणि ओल लागली की मोडत जातं.

सगळ्यात जास्त वेळ गेला बनवल्याची तारीख शोधण्यात. बहुतेक पिशव्यांवर ‘या तारखेपर्यंत वापरा’ एवढंच असतं, आणि ती तारीख वर्षभर पुढची असते. पेलेट वर्षभर खराब होत नाहीत हे खरं, पण त्यांतलं साधं व्हिटॅमिन सी तितकं टिकत नाही. बनवल्यापासून साधारण ९० दिवसांत वापरून टाकावं असा जुना नियम आहे. तारीख सापडली ती पिशवीच्या तळाच्या शिवणीवर, फिकट शाईत. ज्या पिशवीवर ती मिळाली नाही, ती यादीतून काढली.

दुकानात सशाचे पेलेट पुढे करण्यात आले. “सशाचं आणि यांचं एकच असतं ताई, खुशाल घ्या.” एकच नसतं. ससा स्वतःचं व्हिटॅमिन सी स्वतः बनवतो, म्हणून त्याच्या पेलेटमध्ये ते घालत नाहीत. शिवाय सशाच्या काही खाद्यांत औषधं मिसळलेली असतात आणि त्यांतली काही गिनी पिगला घातक ठरतात. दिसायला दोन्ही पेलेट इतके सारखे की ओळख फक्त लेबलावरूनच पटते.

१० मार्च, रविवार

भुरी ९७४, पिंगी ५६२.

आज थेंबांच्या बाटलीची पाळी. पिंजऱ्याला एकसारख्या दोन पाण्याच्या बाटल्या शेजारी शेजारी लावल्या: एकीत साधं पाणी, दुसरीत बाटलीवर सांगितले आहेत तेवढे थेंब टाकलेलं पाणी. दोन्हींवर सुरुवातीच्या पातळीची खूण केली.

१२ मार्च

साध्या पाण्याची बाटली दोन्ही दिवस चांगली खाली आली. थेंबांच्या बाटलीची पातळी जेमतेम हलली. बाटल्यांच्या जागा अदलाबदल करूनही तेच झालं, म्हणजे सवयीच्या कोपऱ्याचा यात संबंध नाही, त्यांना चवच नको आहे. नुसती थेंबांचीच बाटली लावली असती तर दोघी कमी पाणी प्यायल्या असत्या. खड्यांचा धोका असलेल्या प्राण्याच्या बाबतीत ते फार वाईट.

शिवाय पाण्यात विरघळलेलं व्हिटॅमिन सी उजेडात एका दिवसात बरंचसं निकामी होतं, आणि कोण किती प्यायली हेही कळत नाही. बाटलीवरची बारीक अक्षरं वाचली तर त्यात सीसोबत ए आणि डी३ सुद्धा आहे. जास्तीचं सी लघवीवाटे निघून जातं, ए आणि डी मात्र शरीरात साठतात. डी फार झालं तर मूत्रपिंडासारख्या मऊ अवयवांत कॅल्शियम जमू लागतं. चांगल्या पेलेटमध्ये हे दोन्ही आधीच पुरेसे असतात.

थेंब बंद. दोन्ही बाटल्यांत साधं पाणी.

१५ मार्च

दोघींना डॉक्टरकडे नेलं. भुरीच्या पाठीवरचे केस राठ वाटत होते आणि उचलताना ती अंग चोरत होती. डॉक्टरांनी तिचे गुडघे, घोटे बोटांनी हळूहळू दाबून पाहिले, हिरड्या पाहिल्या, दात पाहिले. सांधे सुजलेले नव्हते, हिरड्यांतून रक्त नव्हतं. “स्कर्व्ही म्हणण्याएवढं काही नाही, पण साठा कमी असणार. पेलेट बदला, पण घाई करू नका. आणि व्हिटॅमिन पाण्यातून देऊ नका, तोंडातून द्या.”

मी विचारलं, किती दिवस कमी पडलं तर दिसायला लागतं? दोन-तीन आठवड्यांत लक्षणं सुरू होऊ शकतात, असं ते म्हणाले. पहिल्यांदा भूक आणि चाल मंदावते, मग केस राठ होतात, सांधे दुखतात, उचललं की ओरडतात, जखम भरत नाही.

भुरीला काही आठवडे दिवसाला २५ मिग्रॅ साधं व्हिटॅमिन सी तोंडावाटे द्यायचं ठरलं. हे प्रमाण तिचं वजन आणि तपासणी बघून दिलेलं आहे, त्यामुळे दुसऱ्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावं.

१७ मार्च, रविवार

भुरी ९७०, पिंगी ५८४.

नवे पेलेट आले: टिमोथीचे, एकरंगी, लेबलाप्रमाणे किलोमागे ५०० मिग्रॅ टिकाऊ स्वरूपातलं सी, बनवून महिनासुद्धा न झालेले. लहान पिशवी घेतली. किलोच्या हिशेबात ती मोठीपेक्षा महाग पडते, पण दोन गिनी पिगांना मोठी पिशवी संपवायला कित्येक महिने लागतील आणि शेवटचा अर्धा भाग व्हिटॅमिनच्या दृष्टीने रिकामाच असेल.

मिसळायला सुरुवात केली: तीन भाग जुनं, एक भाग नवं.

लेबलावरच्या आकड्याचं गणितही मांडून ठेवते, कारण ५०० हा आकडा वाचून निश्चिंत व्हायला होतं. मोठ्या गिनी पिगला दिवसाला फार तर अष्टमांश कप पेलेट द्यायचे. मी काट्यावर मोजले तर ते साधारण १५ ग्रॅम भरले. किलोला ५०० मिग्रॅ, म्हणजे १५ ग्रॅमला साडेसात. पेलेट अगदी ताजे आणि वाटी पूर्ण रिकामी झाली असं धरलं तरी भुरीची गरज यातून भागत नाही. आकडा गाठायला पेलेट वाढवले तर गवत कमी खाल्लं जातं, वजन वाढतं आणि दातांचं नुकसान होतं. म्हणून पेलेटमधलं सी मी जमेत फारसं धरत नाही. खरा पुरवठा दुसरीकडून करायचा.

२२ मार्च

अर्धं जुनं, अर्धं नवं केलं. पिंगीने तोंडसुद्धा वर केलं नाही, सगळं संपवलं. भुरीने जुन्यातल्या बिया शोधून खाल्ल्या आणि वाटीकडे पाठ फिरवली.

२४ मार्च, रविवार

भुरी ९३१. एका आठवड्यात ३९ ग्रॅम उतरली. पिंगी ६०६.

भुरी गवत खाते आहे, लेंड्या होत आहेत, पण आकाराने लहान. ५० ग्रॅमची घट म्हणजे सावध व्हायची खूण, आणि आम्ही तिच्या जवळ आलो आहोत. डॉक्टरांशी फोनवर बोलले. मिश्रण पुन्हा तीन भाग जुनं, एक भाग नवं असं केलं. आठवडाभराचं काम मागे गेलं, पण तिच्या वयाला अर्ध्यावर येणं लवकर होतं.

शिवाय दोन गोष्टी बदलल्या. जुन्या मिश्रणातल्या बिया आणि रंगीत चकत्या हाताने वेचून फेकल्या आणि फक्त त्यातले पेलेट नव्यात मिसळले. यात रोजची पंधरा मिनिटं जातात, पण शोधायलाच काही उरलं नाही की शोधणं थांबतं. दुसरं, नव्या पेलेटचा थोडा चुरा करून ओल्या कोथिंबिरीवर भुरभुरला. चव ओळखीची झाली की भीती जाते.

२८ मार्च

सिरिंजने सी देणं आता बसलं आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

औषधाच्या दुकानातून लहान मुलांचे नुसत्या व्हिटॅमिन सीचे थेंब आणले, १ मिलीमध्ये १०० मिग्रॅ असलेले. म्हणजे २५ मिग्रॅला पाव मिली. प्रत्येक बाटलीची ताकद वेगळी असते, त्यामुळे आकडा बघितल्याशिवाय थेंब मोजायचे नाहीत. घटकांत झायलिटॉल किंवा तसला गोडवा असेल तर ती बाटली घ्यायची नाही. गोळी घ्यायची तर कॅल्शियम अॅस्कॉर्बेटची टाळावी, कारण नको असलेलं कॅल्शियम सोबत जातं.

पहिल्यांदा समोरून दिलं तर सगळं हनुवटीवर सांडलं. बरोबर जागा बाजूला आहे: पुढच्या दातांच्या मागे आणि दाढांच्या पुढे जी मोकळी फट असते तिथे. भुरीला मांडीवर टॉवेलमध्ये गुंडाळायचं, तिची पाठ माझ्या पोटाला टेकवायची, एक हात छातीखाली. सुईशिवायची १ मिलीची सिरिंज ओठाच्या कडेने आत सरकवायची आणि एकेक थेंब सोडायचा. ती चघळते, जबडा गोल फिरतो, मग पुढचा थेंब. एकदम दाबलं तर श्वासनलिकेत जाऊ शकतं. डोकं मागे वाकवायचं नाही. संपल्यावर लगेच कोथिंबिरीची काडी. आता ती सिरिंज दिसली की स्वतः मान पुढे करते.

पिंगीसाठी गवताच्या चुऱ्यात दाबून केलेली सीची टॅब्लेट आणली होती. ती हातातून घेऊन खाते, तिला सिरिंजची गरजच पडली नाही. भुरीने तीच टॅब्लेट हुंगून सोडून दिली.

३१ मार्च, रविवार

भुरी ९४०, पिंगी ६२७. लेंड्या पुन्हा नेहमीच्या, लांबट आणि एकसारख्या.

७ एप्रिल, रविवार

भुरी ९५३, पिंगी ६४५. मिश्रण आज अर्ध्यावर आणलं, दोघींनी संपवलं.

भाज्यांचा हिशेब आज लागला. सगळ्यात जास्त अडचण यानेच सुटली. १०० ग्रॅममागे व्हिटॅमिन सी: लाल ढोबळी मिरचीत सुमारे १२८ मिग्रॅ, हिरवीत सुमारे ८०, ब्रोकोलीत सुमारे ८९, कोथिंबिरीत सुमारे २७. काकडीत जेमतेम ३ आणि गाजरात ६. ज्या दोन गोष्टी लोक हमखास देतात त्यांतून जवळपास काहीच मिळत नाही. संत्र्यात सुमारे ५३ असतं, म्हणजे हिरव्या ढोबळी मिरचीपेक्षाही कमी, आणि साखर भरपूर.

म्हणजे लाल ढोबळी मिरचीचा १५ ते २० ग्रॅमचा एक तुकडा १९ ते २५ मिग्रॅ देतो. काट्यावर ठेवला तर तो दोन बोटांएवढा लांब-रुंद काप असतो. भुरीच्या दिवसाची गरज तेवढ्यात भागते. ब्रोकोलीने पोट फुगू शकतं म्हणून ती क्वचित, लहानसा तुरा. पालक रोज नाही, त्यात ऑक्झलेट, म्हणजे खडे व्हायला हातभार लावणारा घटक, जास्त.

मिरची द्यायच्या वेळीच कापायची. कापून ठेवली की सी उतरू लागतं. आणि दोघींना वेगवेगळ्या टोकांना द्यायची, कारण पिंगी स्वतःचा तुकडा टाकून भुरीच्या तोंडातला ओढून नेते. त्या गडबडीत कोणी किती खाल्लं ते कळत नाही.

१६ एप्रिल

डॉक्टरांना वजनं आणि भाज्यांचा हिशेब दाखवला. भुरीची सिरिंज बंद करायला त्यांनी परवानगी दिली, अट एकच: मिरची रोज संपते हे डोळ्यांनी बघायचं. ज्या दिवशी खाल्ली नाही त्या दिवशी सिरिंज. थेंबांची बाटली उघडल्यावर फार काळ ठेवू नका, द्रव पिवळट-तपकिरी झाला तर टाकून द्या, असंही सांगितलं.

२१ एप्रिल, रविवार

भुरी ९६६, पिंगी ६८३. जुनं मिश्रण आज पूर्ण बंद.

पिंगी अजून वाढीच्या वयात आहे, म्हणून तिला आणखी काही दिवस थोडा अल्फाल्फा द्यायचा आहे आणि भुरीला अजिबात नाही. एका वाटीत ते जमत नाही. संध्याकाळी पिंजऱ्यात मधोमध जाळी उभी करते, पिंगीला मूठभर अल्फाल्फा आणि भुरीला तिचे पेलेट, वीस-पंचवीस मिनिटं. मग उरलेलं उचलून जाळी काढायची. जाळीमुळे दोघी एकमेकींना दिसतात, त्यामुळे ओरडाआरडा होत नाही. आधी पुठ्ठा लावून पाहिला होता, तेव्हा भुरी खाणं सोडून सतत शिट्ट्या मारत राहिली.

२ मे

पेलेटच्या साठवणीवर काम केलं. पिशवी मूळ वेष्टनातच, तोंड घट्ट गुंडाळून, झाकणाच्या डब्यात, अंधाऱ्या थंड कपाटात. पारदर्शक बरणी दिसायला छान असते, पण उजेड आत येतो. डब्यावर बनवल्याची तारीख आणि उघडल्याची तारीख लिहून चिकटवली. पेलेटला धुळीचा किंवा कुबट वास आला, किंवा बोटांत दाबल्यावर ओलसर लागले, तर पिशवी टाकायची. बुरशी गिनी पिगच्या आतड्याला सोसत नाही.

५ मे, रविवार

भुरी ९७८, पिंगी ७१२. पिंगीला सहा महिने झाले, आजपासून अल्फाल्फा कमी करत न्यायचा.

१४ मे

भुरी बसते तिथल्या कापडावर वाळलेल्या लघवीचा पांढरा डाग दिसला. बोटाने चोळला. नुसती पावडर लागली, कण बोचले नाहीत. गिनी पिगच्या लघवीत थोडं कॅल्शियम येतंच, पण रेतीसारखं खरखरीत लागलं, लघवी करताना आवाज काढला किंवा रक्त दिसलं, तर त्याच दिवशी दाखवायचं. तरी पार्स्ली भाज्यांतून काढून टाकली. तिच्यात सी भरपूर, पण कॅल्शियमही भरपूर. मिरचीत ती अडचण नाही.

२६ मे, रविवार

भुरी ९८६, पिंगी ७४१. भुरीच्या पाठीवरचे केस मऊ झाले आहेत आणि उचलताना ती अंग चोरत नाही.

सध्याची व्यवस्था: गवत कायम भरलेलं. सकाळी प्रत्येकीला एक कपभर पालेभाजी आणि त्यात लाल ढोबळी मिरचीचा काप, वेगवेगळ्या टोकांना. संध्याकाळी प्रत्येकीला अष्टमांश कप पेलेट. पिंगीचा अल्फाल्फा आता फक्त चिमूटभर, पुढच्या आठवड्यात तोही बंद. साधं सी घरात ठेवलेलं आहे, मिरची नाकारली तर किंवा डॉक्टरांनी सांगितलं तर.

सध्याची पिशवी जूनच्या मध्यापर्यंत पुरेल. नव्या पिशवीचे पेलेट त्याच नावाचे असले तरी पहिले काही दिवस जुन्यात मिसळूनच देणार, कारण कंपनी तीच असली तरी एका गठ्ठ्यातल्या गवताची चव दुसऱ्या गठ्ठ्यासारखी नसते आणि भुरीला ती लगेच कळते.